मालक बदलला, गिऱ्हाइकाचे काय?

एक कंपनी दुसरीस विकत घेते तेव्हा वर्तमानपत्रांतून किमतीचा आकडा ठळक टाइपात छापला जातो. इमारती किती, यंत्रे किती, भागधारकांच्या पदरात काय पडले, याचा हिशेब साद्यंत मांडला जातो. एका रकमेची नोंद मात्र या हिशेबात कोठेच आढळत नाही. त्या कंपनीच्या सेवेवर विसंबून ज्यांनी आपला धंदा, आपला पत्रव्यवहार आणि आपले आप्तसंबंध उभे केले, त्या लक्षावधी माणसांचा विश्वास हीही त्या सौद्यातील एक वस्तू असते. किंबहुना अलीकडच्या सौद्यांत तीच मुख्य वस्तू असते. ज्यांचा विश्वास विकला गेला त्यांना या व्यवहारात ना विचारले जाते, ना मोबदला मिळतो. सौदा झाल्यावर त्या सेवेचे पुढे काय होते, आणि जे होते ते टाळता येण्याजोगे असते काय, याचा विचार आज सुरतेच्या उदाहरणावरून करण्याचे आम्ही योजिले आहे.

सुरत शहराला हा विषय परका नाही. रिंगरोडवरील कापडबाजारात साड्यांचे आणि ड्रेस मटेरियलचे जे नवे नमुने निघतात, त्यांची छायाचित्रे आज कोलकात्यापासून कोचीपर्यंतच्या घाऊक खरेदीदारांकडे व्हॉट्सॲपवरून जातात. पूर्वी दलाल नमुन्यांचे गठ्ठे घेऊन गावोगाव फिरत. आता रंग पसंत पडला की खरेदीदार तेथूनच ऑर्डर टाकतो, आणि माल ट्रकमध्ये चढला की बिल्टीचे छायाचित्र त्याच मार्गाने त्याच्याकडे पोहोचते. वराछा आणि महिधरपुरा येथील हिरेबाजारात मालाचा तपशील आणि भाव यांची देवघेवही बऱ्याच अंशी येथूनच होते. लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोली या भागांत जो मोठा मराठी समाज राहतो, तो बहुतांशी खानदेशातून आलेला आहे. त्याचे गावाशी असलेले नाते उधना-जळगाव लोहमार्गाइतकेच आता या सेवेवर तोललेले आहे. नंदुरबार, धुळे, जळगावकडे राहिलेल्या आईला मुलाचा चेहरा दिसतो तो याच पडद्यावर. श्रावणात रजा मिळाली नाही तर घरच्या कानबाईचे दर्शनही त्यावरच घडते. केंद्र सरकारने २०२१ साली दिलेल्या आकड्यानुसार या सेवेचे भारतातील वापरकर्ते ५३ कोटी होते. टपाल आणि टेलिफोन यांच्या पंक्तीला जाऊन बसलेली ही सेवा आहे. फरक इतकाच, की तिचा मालक सातासमुद्रापलीकडे आहे आणि तो एकदा बदललेला आहे.

ही सेवा लोकांच्या माथी कोणी मारली नव्हती. तिने लोकांचे प्रेम कमावले होते, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. याहू कंपनीतून बाहेर पडलेल्या ब्रायन ॲक्टन आणि यान कूम या दोन अभियंत्यांनी ती २००९ साली सुरू केली. कूम यांचे बालपण सोव्हिएत राजवटीखालील युक्रेनमध्ये गेले होते. तेथे टेलिफोनवर मोकळेपणाने बोलण्याची चोरी होती, आणि त्या अनुभवाचा उल्लेख ते वारंवार करीत. जाहिराती घ्यावयाच्या नाहीत हे दोघांचे ब्रीद होते, आणि २०१२ साली त्यांनी ते जाहीर निवेदनाद्वारे जगापुढे मांडले होते. खर्च भागविण्यासाठी पहिले वर्ष फुकट आणि नंतर वर्षाला एक डॉलर, असे सरळ शुल्क त्यांनी ठेवले. आपल्याकडे त्या काळी दिवाळी आणि नववर्ष अशा दिवशी मोबाइल कंपन्या सवलतीचे एसएमएस बंद ठेवून शुभेच्छांचा पुरेपूर दाम वसूल करीत. अशा वेळी साध्या फोनवर आणि मंद जोडणीवरही निमूटपणे निरोप पोहोचविणारे, मध्ये कोणतीही जाहिरात न घुसडणारे साधन हाती आल्यावर लोकांनी ते डोक्यावर घेतले, यात नवल नाही. दाम लहान आणि स्पष्ट, काम चोख, आणि तिऱ्हाइताची लुडबुड नाही, असा हा सौदा होता. सुरतेच्या व्यापाऱ्यास तो तात्काळ उमजला, कारण त्याच्या पेढीवरचा व्यवहारही याच रीतीचा असतो.

१९ फेब्रुवारी २०१४ रोजी फेसबुकने ही कंपनी १९ अब्ज डॉलर्सना विकत घेत असल्याचे जाहीर केले. त्या वेळी तिच्याकडे कामास अवघी ५५ माणसे होती आणि दरमहा वापर करणारे सुमारे ४५ कोटी लोक होते. ५५ माणसांच्या कंपनीला १९ अब्ज डॉलर्स कोणी कशासाठी देतो? यंत्रसामग्रीसाठी खचितच नाही. ती किंमत ४५ कोटी लोकांच्या सवयीची होती. सौद्याच्या वेळी दोन्ही बाजूंनी ग्वाही देण्यात आली, की काहीही बदलणार नाही. नव्या मालकाच्या पदरी जे श्रेय आहे ते न देणे अन्यायाचे होईल. २०१५ साली या सेवेवरून बोलता येऊ लागले, २०१६ च्या जानेवारीत वार्षिक शुल्क रद्द झाले, त्याच वर्षी एप्रिलमध्ये सर्व संदेश पाठविणारा आणि घेणारा यांखेरीज कोणासही वाचता येऊ नयेत अशी कुलूपबंद व्यवस्था सर्वत्र लागू झाली, आणि नोव्हेंबरात चित्रफोनही आला. गरीब कामगाराला गावाकडच्या माणसांचे फुकट दर्शन घडले ते मालक बदलल्यानंतर, ही गोष्ट आम्ही दृष्टीआड करीत नाही. मोठ्या भांडवलाची ताकद सेवेच्या पाठीशी उभी राहिली की पहिली काही वर्षे सेवा सुधारते, हा अनुभव अनेक सौद्यांचा आहे. प्रश्न त्यानंतरच्या वर्षांचा असतो.

चंचुप्रवेशे मुसळप्रवेशः असे आपल्याकडे म्हणतात, त्याचा प्रत्यय २०१६ च्या ऑगस्टमध्येच आला. त्या महिन्यात नियम बदलून वापरकर्त्याचा फोन क्रमांक आणि वापराची माहिती फेसबुकला देण्याची वाट मोकळी करण्यात आली. सौद्याची छाननी चालू असताना फेसबुकने युरोपीय आयोगाला असे सांगितले होते, की दोन्हीकडच्या खात्यांची सांगड आपोआप आणि विश्वासार्हपणे घालणे आपल्याला शक्य होणार नाही. ते शक्य आहे हे कंपनीच्या माणसांना २०१४ सालीच ठाऊक होते, असा निष्कर्ष काढून आयोगाने मे २०१७ मध्ये ११ कोटी युरोंचा दंड ठोठावला. दंड झाला, पण सौदा कायम राहिला. १९ अब्जांच्या व्यवहारात ११ कोटी म्हणजे बाजार समितीच्या हमालीइतकी रक्कम. वचन मोडण्याचा खर्च वचन पाळण्याच्या खर्चाहून कमी असेल, तर व्यापारी काय करील, हे सांगावयास अर्थशास्त्रज्ञ नको. ॲक्टन यांनी २०१७ साली आणि कूम यांनी २०१८ साली कंपनी सोडली. ॲक्टन यांनी तर आपल्याच पैशांतील ५ कोटी डॉलर्स घालून सिग्नल या स्वतंत्र सेवेसाठी धर्मादाय संस्था उभी करण्यास हातभार लावला. ज्याने घर बांधले त्यानेच शेजारी दुसरे घर बांधावयास घ्यावे, याहून पहिल्या घराविषयीचा अभिप्राय बोलका कोणता असणार?

यापुढचे पाऊल जानेवारी २०२१ मधले. नवे नियम मान्य करा, नाही तर सेवा विसरा, अशा आशयाची सूचना भारतातील वापरकर्त्यांच्या पडद्यावर झळकली. २०१६ साली माहिती देण्यास नकार देण्याची जी मर्यादित मुभा होती, तीही आता उरली नाही. युरोपातील लोकांसाठी मसुदा वेगळा होता, कारण तेथील कायदा वेगळा आणि कडक होता. भारतीय स्पर्धा आयोगाने स्वतःहून चौकशी सुरू केली आणि १८ नोव्हेंबर २०२४ रोजी निर्णय दिला, की पर्याय न ठेवता अशी संमती उकळणे हा बाजारातील वर्चस्वाचा गैरवापर आहे. आयोगाने मेटा कंपनीस, म्हणजेच पूर्वाश्रमीच्या फेसबुकला, २१३.१४ कोटी रुपयांचा दंड केला आणि जाहिरातींसाठी माहितीची देवघेव पाच वर्षे बंद ठेवण्याचा आदेश दिला. नोव्हेंबर २०२५ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने दंड कायम केला, परंतु पाच वर्षांची बंदी मात्र उठविली. नियम जानेवारी २०२१ चे आणि अपिलाचा निकाल नोव्हेंबर २०२५ चा. मधल्या पावणेपाच वर्षांत किती माहिती कोठून कोठे वाहून गेली, तिचा पंचनामा कोण करणार?

सेवेच्या दर्जावर याचा काय परिणाम झाला, असे कोणी विचारील. खासगी माहितीचा प्रश्न अनेकांस दूरचा वाटतो. म्हणून डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टी सांगतो. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी रात्री नऊच्या सुमारास फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप या तिन्ही सेवा जगभर एकाच वेळी बंद पडल्या आणि सुमारे सहा तास बंद राहिल्या. मालक वेगवेगळे असते तर एकीचा दिवा विझला तरी दुसरीचा जळत राहिला असता. एकाच तिजोरीची किल्ली हरवल्यावर तिन्ही कुलुपे अडली, हा मालकी एकवटल्याचा थेट परिणाम होय. पुढे २०२४ च्या मध्यास मेटाच्या कृत्रिम बुद्धिमत्तेचे निळे वर्तुळ भारतीयांच्या पडद्यावर येऊन बसले, आणि ते काढून टाकण्याची सोय दिली गेली नाही. १६ जून २०२५ रोजी स्टेटस आणि चॅनेल यांच्या विभागात जाहिराती येणार असल्याची घोषणा झाली, आणि २०१२ च्या त्या ब्रीदवाक्याचे विधिवत् विसर्जन झाले. मोठ्या दुकानांकडून पैसे घेऊन त्यांचे निरोप गिऱ्हाइकांपर्यंत पोहोचविण्याचा धंदाही जोरात आहे. त्यामुळे ज्या पेटीत पूर्वी फक्त ओळखीच्या माणसांची पत्रे येत, तीत आता कर्जाची, घरांची आणि सवलतींची पत्रके येऊन पडतात. एखाद्या लहान व्यापाऱ्याचे खाते यंत्राच्या निर्णयाने बंद पडले, तर ऐन दिवाळीच्या हंगामात त्याची ऑर्डरवहीच बंद होते. कंपनी दरमहा भारतातील लाखो खाती बंद करते. त्यांतील बहुतेक लबाडांची असतील, आणि ती बंद व्हावयासच हवीत. पण गव्हाबरोबर किडे रगडतात, तसा जो निरपराध रगडला जातो त्याला हाक मारण्यासाठी समोर माणूस असतो काय, हा आमचा प्रश्न आहे.

यावर एक उत्तर तयार असते. सेवा फुकट आहे, पटत नसेल तर सोडा. हे उत्तर ऐकावयास तर्कशुद्ध वाटते, परंतु ते बाजाराचा स्वभाव न ओळखणाऱ्याचे आहे. साबण पटला नाही तर दुसरा घेता येतो, कारण आपल्या साबणाचा शेजाऱ्याच्या साबणाशी संबंध नसतो. निरोपाच्या सेवेचे तसे नाही. रिंगरोडवरील एका दुकानदाराने ती सोडावयाची म्हटली, तर त्याचे दोनशे खरेदीदार, त्याचा दलाल, त्याचा ट्रान्सपोर्टवाला आणि त्याचा छपाईवाला या सर्वांनी एकाच मुहूर्तावर ती सोडली पाहिजे. तसे घडत नाही. म्हणून दर्जा घसरला तरी गिऱ्हाईक टिकून राहते, आणि गिऱ्हाईक टिकून आहे हे पाहून मालकास दर्जा टिकविण्याची निकड वाटत नाही. ज्याच्या हाती ससा तो पारधी. ज्या सेवेतून बाहेर पडणे गिऱ्हाइकाच्या हाती राहिले नाही, तिच्यात मालक बदलणे म्हणजे गिऱ्हाइकाचेच हस्तांतर होय.

असे हस्तांतर सुरतेने आणि मुंबईने फार पूर्वी पाहिले आहे. पोर्तुगीजांनी मुंबई बेट इंग्लंडच्या राजास विवाहाच्या करारात आंदण दिले, आणि १६६८ साली त्या राजाने ते वर्षाला दहा पौंड सोन्याच्या खंडणीवर ईस्ट इंडिया कंपनीकडे सोपविले. कंपनीच्या सुरतेतील वखारीचा अध्यक्ष जॉर्ज ऑक्झेंडन हाच मुंबईचाही गव्हर्नर झाला. त्याची भव्य कबर आजही सुरतेत उभी आहे. बेटावरच्या कोळ्यांना, भंडाऱ्यांना, कुळंब्यांना त्यांचा धनी बदलल्याचे कळले ते सौदा पुरा झाल्यावर. दर्यावर्दी कंपनीचे राज्य आणि आजच्या कंपनीची सेवा यांची बरोबरी करण्याचा आमचा हेतू नाही. तोफा आणि तारा यांत अंतर आहे. परंतु माणसांना मालमत्तेच्या यादीत धरून त्यांच्या डोक्यावरून व्यवहार करण्याची रीत जुनी आहे, आणि तिच्यावर उतारा पडला तो प्रजेला हक्क मिळाले तेव्हाच, एवढे या किनाऱ्याचा इतिहास सांगतो.

मालकी बदलली की सेवा बिघडलीच पाहिजे, असा सिद्धांत आम्ही मांडीत नाही. त्याच्या विरुद्धचे उदाहरण सुरतेच्या घराघरांत जळते आहे. स्वातंत्र्यापूर्वीपासून या शहरास वीज पुरविणारी सुरत इलेक्ट्रिसिटी कंपनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस टोरेंट या मूळच्या औषधनिर्मितीतल्या उद्योगसमूहाकडे गेली, आणि २००६ साली ती टोरेंट पॉवरमध्ये विलीन झाली. औषधे करणाऱ्याने वीज द्यावी काय, अशी शंका कोणाच्या मनात आली असती तर ती अस्थानी म्हणता आली नसती. पण पुढे सुरत जिल्ह्यातच कामरेज तालुक्यात ११४७.५ मेगावॅटचे सुजेन वीजकेंद्र उभे राहिले, आणि वितरणातील गळती अत्यल्प असलेल्या देशातील शहरांत सुरतेची गणना होऊ लागली. बिलाविषयीची कुरकुर कोणत्या शहरात नसते? तथापि मालकी बदलली म्हणून मागावर अंधार पडला, असे सुरतेत झाले नाही.

हे कशाने घडले? नवा मालक अधिक सज्जन होता असे समजण्याचे कारण नाही, आणि नव्हता असे म्हणण्याचेही नाही. वीजग्राहकालाही कंपनी बदलणे सोपे नसते. या बाबतीत त्याची स्थिती व्हॉट्सॲपच्या वापरकर्त्याहून वेगळी नाही. वेगळे आहे ते हे, की वीज कंपनीच्या डोक्यावर गुजरात विद्युत नियामक आयोग बसलेला आहे. दर वाढवावयाचा तर हिशेब उघड मांडावा लागतो, त्यावर हरकती मागवाव्या लागतात, जाहीर सुनावणी घ्यावी लागते. वीज किती वेळात पूर्ववत झाली पाहिजे, मीटरची तक्रार किती दिवसांत निकालात काढली पाहिजे, याची मानके ठरलेली आहेत. त्यावरही समाधान झाले नाही तर २००३ च्या विद्युत कायद्याने ग्राहक तक्रार निवारण मंच आणि विद्युत लोकपाल असे दोन दरवाजे उघडे ठेवले आहेत. मालक कोणीही असो, कर्तव्य तेच राहते. मुंबईच्या उपनगरांनी तर दोनदा मालक बदललेला पाहिला. १९२९ साली स्थापन झालेली बॉम्बे सबर्बन कंपनी २००३ साली रिलायन्सकडे गेली आणि ऑगस्ट २०१८ मध्ये मुंबईचा व्यवसाय १८,८०० कोटी रुपयांच्या सौद्यात अदानी समूहाकडे आला. त्यानंतर काही महिन्यांतच फुगलेल्या बिलांचा गवगवा झाला. तेव्हा महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने त्याची दखल घेऊन कंपनीकडे जाब मागितला आणि चौकशीसाठी द्विसदस्य समिती नेमली. नियामकामुळे तक्रारच उद्भवत नाही असे नाही. तक्रार घेऊन जावयास जागा असते, हे महत्त्वाचे.

दुसरा उपाय मोबाइलच्या क्षेत्रात सापडतो. आपला क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याची मुभा २० जानेवारी २०११ पासून देशभर मिळाली. ३१ ऑगस्ट २०१८ रोजी व्होडाफोन आणि आयडिया एकत्र आल्या तेव्हा त्यांच्याकडे सुमारे ४१ कोटी ग्राहक होते. एकत्रीकरणानंतर कर्जाचा बोजा वाढला, सेवेचे जाळे मागे पडले, आणि पुढील काही वर्षांत ग्राहकसंख्या जवळजवळ निम्म्यावर आली. त्या कंपनीच्या भागधारकांस हे दुःखद असेल. पण ग्राहकाच्या दृष्टीने पाहता, सेवा घसरली तेव्हा त्याला आपला क्रमांक खिशात घालून शेजारच्या दारात जाता आले. रकमा पाठविण्याच्या यूपीआय व्यवस्थेचेही तसेच आहे. फोनपे ही कंपनी २०१६ साली फ्लिपकार्टने घेतली आणि २०१८ साली फ्लिपकार्टसह अमेरिकेच्या वॉलमार्टच्या छत्राखाली गेली. सुरतेच्या भाजीवाल्यास याची वार्ताही लागली नसेल. लागण्याची गरजही नव्हती, कारण एका कंपनीच्या खात्यातून दुसऱ्या कंपनीच्या खात्यात पैसे जातील अशी रचनाच मुळात केलेली आहे. गिऱ्हाईक कोणते साधन वापरते याच्याशी भाजीवाल्यास कर्तव्य नाही. निरोपाच्या सेवेत मात्र व्हॉट्सॲपवाल्याने व्हॉट्सॲपवाल्याशीच बोलावयाचे, असा दंडक आहे. एका पेटीत टाकलेले पत्र त्याच पेटीवाल्यांना मिळावे, असा टपालखात्याचा नियम असता तर आपण तो क्षणभर तरी सहन केला असता काय?

विकत घेतलेली सेवा एखादे दिवशी नाहीशीच होते, हाही अनुभव ताजा आहे. परदेशी गेलेल्या मुलांशी बोलण्यासाठी एका पिढीच्या मराठी आईबापांनी स्काइप शिकून घेतले होते. ती कंपनी २००५ साली ईबेने आणि २०११ साली साडेआठ अब्ज डॉलर्सना मायक्रोसॉफ्टने घेतली, आणि ५ मे २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने ती बंद करून लोकांना आपल्या दुसऱ्या सेवेकडे वळावयास सांगितले. सत्तरीतल्या माणसाने कष्टाने आत्मसात केलेली विद्या एका सूचनेसरशी निरुपयोगी झाली. मालकाच्या हिशेबात ती एक जुनी शाखा होती. वापरणाऱ्याच्या हिशेबात ती रविवारची सकाळ होती.

तेव्हा करावयाचे काय? आपल्या कायद्यात काही पावले पडली आहेत, हे मान्य केले पाहिजे. २०१४ साली अशा सौद्यांची छाननी खरेदी होणाऱ्या कंपनीची भारतातील मालमत्ता आणि उलाढाल पाहून होत असे. फुकट सेवा देणाऱ्या कंपनीची उलाढाल ती काय असणार? त्यामुळे कोट्यवधी भारतीयांच्या संभाषणाचा सौदा आपल्या स्पर्धा आयोगाच्या चाळणीत आलाच नाही. १० सप्टेंबर २०२४ पासून २,००० कोटी रुपयांहून अधिक किमतीचे आणि भारतात भरीव कामकाज असलेल्या कंपन्यांचे सौदे आयोगासमोर आणणे बंधनकारक झाले आहे. ही सुधारणा योग्यच आहे. परंतु २०२३ च्या वैयक्तिक माहितीविषयक कायद्यात एक मोठी उणीव राहिली आहे. आपली माहिती एका सेवेतून उचलून दुसरीकडे नेण्याचा हक्क २०१९ च्या विधेयकात होता. तो २०२३ च्या कायद्यातून गळाला. मोबाइल क्रमांकाच्या बाबतीत जे आपण ग्राहकास दिले, ते त्याच्या माहितीच्या बाबतीत का नाकारावे, याचे समाधानकारक उत्तर आम्हांस आढळत नाही.

आमच्या मते तीन गोष्टी तातडीने व्हावयास हव्यात. पहिली ही, की सौद्याच्या वेळी ग्राहकांस दिलेले प्रत्येक वचन मंजुरीची अट म्हणून लिहून घ्यावे, आणि ते मोडल्यास होणारा दंड वचनभंगाच्या नफ्याहून मोठा असावा. दुसरी, अफाट वापरकर्ते असलेल्या निरोपसेवांनी इतर सेवांना आपले दार उघडे ठेवावे. युरोपीय संघाने मार्च २०२४ पासून व्हॉट्सॲपवर हे बंधन घातले आहे, आणि ज्या देशाने यूपीआय उभे केले त्यास हे अवघड वाटू नये. कुलूपबंद संदेशांची सुरक्षितता राखून हे करणे कष्टाचे आहे हे खरे, पण कष्टाचे म्हणजे अशक्य नव्हे. तिसरी, खाते बंद पडलेल्या माणसास ठरलेल्या मुदतीत जिवंत अधिकाऱ्याकडून, त्याला समजणाऱ्या भाषेत, कारणासह उत्तर मिळावे. सरकारने २०२३ साली तक्रार अपील समित्या नेमल्या आहेत. त्यांची वार्ता कापडबाजारातील गाळ्यांपर्यंत आणि लिंबायतच्या गल्ल्यांपर्यंत पोहोचलेली नाही. ती मराठीत आणि गुजरातीत पोहोचविणे हे शासनाचे, आणि आमच्यासारख्या पत्रांचेही काम आहे.

सरकार जे करील ते करील. व्यापाऱ्यांच्या संघटनांनीही हात जोडून बसू नये. कापडाचा ज्या पेढीने एकाच गिरणीवर कधी भिस्त ठेवली नाही, एकाच ट्रान्सपोर्टवाल्याकडे सगळा माल कधी दिला नाही, तिने आपली सारी गिऱ्हाइके, सारे भाव आणि सारे येणे एकाच परक्या पेटीत ठेवावे, हे सुरती शहाणपणाशी विसंगत आहे. खरेदीदारांचे पत्ते आणि क्रमांक स्वतःच्या वहीत असावेत, ऑर्डरीची नोंद स्वतंत्र राहावी, आणि संघटनेने आपल्या सभासदांसाठी निरोपाची आणखी एक सेवा रुळवावी. एकट्या दुकानदाराने सोडणे निष्फळ असते असे वर म्हटले आहे. पण संबंध बाजाराने दुसरी वाट चालू ठेवली, तर पहिल्या वाटेच्या मालकास गिऱ्हाईक गृहीत धरता येणार नाही. कामगार वस्त्यांतील मंडळांनी आणि ज्ञाती-संस्थांनीही हे मनावर घ्यावे.

कंपन्या विकल्या जाणारच. ते बंद करा असे आमचे म्हणणे नाही. व्यापाराच्या या किनाऱ्यावर तसे म्हणणे हास्यास्पद ठरेल. आमचे म्हणणे इतकेच आहे, की दुकान विकताना दुकानदाराला गिऱ्हाईक विकता येऊ नये. सुरतेच्या वीजग्राहकाला जे संरक्षण आहे आणि मोबाइलधारकास जी मुभा आहे, त्यांपैकी एकही गोष्ट निरोपसेवेच्या ५३ कोटी वापरकर्त्यांस पुरतेपणी मिळालेली नाही. ती मिळवून देण्यास पुढचा मोठा सौदा होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. सौदा झाल्यावर केलेल्या कायद्याचा उपयोग काय होतो, हे २०२१ ते २०२५ च्या पावणेपाच वर्षांनी दाखवून दिलेलेच आहे.